खुणा आधी, मोजणी नंतर

विहिरींच्या पाणीपातळीचं सर्वेक्षण निघालं की एक मत हमखास ऐकू येतं: आधी आकडे नीट गोळा करा, चिन्हं, रंग, नावं यांचं शेवटी बघू. या मताला आधार नाही असं नाही. क्यूजीआयएससारख्या नकाशे करणाऱ्या संगणकप्रणालीत माहिती एकीकडे राहते आणि तिचं रूप दुसरीकडे. रंग दहादा बदलला तरी मूळ आकडा ढळत नाही. मग भर उन्हात टेप सोडणाऱ्याने रंगाची चिंता का करावी?

कारण जागेवर जे विचारलंच नाही, ते नंतर कुठल्याच रंगात दाखवता येत नाही. फॉर्ममध्ये ‘पाणीपातळी’ एवढा एकच रकाना आहे असं धरा. एक विहीर ठणठणीत कोरडी निघाली. दुसरीवर कुलूपबंद जाळी होती, म्हणून मोजताच आली नाही. रकाना दोन्हीकडे रिकामा, म्हणून नकाशात दोन्ही विहिरी सारख्याच. त्यात कुणी रिकाम्या जागी शून्य भरलं, तर कोरडी विहीर काठोकाठ भरलेली ठरते, कारण पातळी जमिनीपासून खाली मोजतात. या दोन अवस्थांची दोन चिन्हं आधीच ठरली असती, तर फॉर्ममध्ये दोन पर्याय आपोआप आले असते.

पातळी खाली मोजण्यातून दुसराही घोळ होतो. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल. सवयीप्रमाणे आकड्यासोबत वर्तुळ वाढवलं, की टंचाईच्या ठिकाणीच सर्वांत मोठं निळं वर्तुळ उमटतं आणि पाहणाऱ्याला तिथे मुबलक पाणी दिसतं. आकारातून डोळा प्रमाण वाचतो आणि गडद-फिकेपणातून क्रम, हे फ्रेंच नकाशाकार झाक बेर्तँ यांनी १९६७ सालीच सविस्तर मांडलं आहे.

‘वर्गवारी संगणक करतो’ हा युक्तिवादही टिकत नाही. सहा विहिरींत पाणी २, ३, ३.५, ४, ५ आणि १८ मीटरवर आहे. समान अंतराचे तीन वर्ग केले, तर पहिल्या पाच एका रंगात जातात आणि मधला वर्ग रिकामा राहतो. समान संख्येचे तीन वर्ग केले, तर ५ आणि १८ मीटरच्या विहिरी एकाच रंगात येतात. दोन्ही नकाशे बिनचूक आकड्यांचेच; पण दुसरा पाहून टँकर कुठे पाठवायचा हे ठरवलं, तर चूक गावाला भोवेल.

नावांचंही तेच. बिंदूच्या उजवीकडे, किंचित वर नाव लिहावं, हा स्विस नकाशाकार एदुआर्द इमहोफ यांचा नियम नकाशाकार आजही पाळतात. पण विहिरी दाटीने असल्या, की एकमेकांवर येणारी नावं संगणक मुकाट्याने गाळतो. म्हणजे दाटवस्तीतच नकाशा मुका होतो. सगळी नावं सक्तीने दाखवली तर एकही वाचता येत नाही. कोणतं नाव आधी राखायचं हे माणसानेच सांगावं लागतं; माझ्या मते मान कोरड्या विहिरीचा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत पाणी असलेला प्रवाह निळा असतो आणि कोरडा काळा. खूण आधी ठरलेली असल्यामुळे सर्वेक्षकाला ओढ्याची अवस्था तिथेच पाहून नोंदवणं भाग होतं. आजही फॉर्म पक्का करण्यापूर्वी एका वाडीच्या पाच-सहा विहिरींचा कच्चा नकाशा काढावा आणि तिथल्याच माणसांपुढे ठेवावा. कोणता रकाना राहून गेला, ते तेव्हाच कळेल.