पिरेली दिनदर्शिका : गॅरेजच्या भिंतीपासून कलादालनापर्यंत

टायर उत्पादनातील पिरेली या इटालियन कंपनीची वार्षिक छायाचित्र दिनदर्शिका जगभर ‘द कॅल’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ती विक्रीस ठेवली जात नाही. कंपनीचे निवडक ग्राहक आणि मान्यवर यांनाच ती भेट म्हणून पाठवली जाते. या दुर्मीळतेमुळे तिला प्रतिष्ठा लाभली, तर स्त्रीदेहाच्या चित्रणामुळे ती तितकीच वादग्रस्तही ठरली.

मिलान येथे १८७२ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या ब्रिटनमधील शाखेने जाहिरातीचे साधन म्हणून ही दिनदर्शिका सुरू केली. ‘बीटल्स’ या संगीतसमूहाचे छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन यांनी १९६४ च्या अंकासाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर छायाचित्रण केले. अल्पवस्त्रांकित तरुणींची चित्रे असलेली कॅलेंडरे त्या काळी गॅरेजच्या भिंतींवर सर्रास आढळत. पिरेलीने तीच कल्पना नामवंत छायाचित्रकार, रम्य स्थळे आणि दर्जेदार छपाई यांच्या साहाय्याने वेगळ्या पातळीवर नेली. १९७२ सालच्या दिनदर्शिकेचे काम सारा मून यांच्याकडे सोपवण्यात आले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला छायाचित्रकार होत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर आलेल्या मंदीमुळे हा खर्चिक उपक्रम थांबवण्यात आला. १९७५ ते १९८३ या काळात दिनदर्शिका निघाली नाही. १९८४ पासून तिचे प्रकाशन पुन्हा सुरू झाले. टेरेन्स डोनोव्हन यांनी १९८७ च्या अंकासाठी केवळ कृष्णवर्णीय मॉडेल्सची निवड केली. फॅशनच्या जगात कृष्णवर्णीय स्त्रियांना क्वचितच संधी मिळत असलेल्या त्या काळात हा निर्णय लक्षवेधी ठरला. पुढील दशकात हर्ब रिट्स आणि रिचर्ड ॲव्हेडन यांच्यासारख्या दिग्गजांनी दिनदर्शिकेसाठी काम केले. २०१४ साली मिलानच्या ‘पलाझ्झो रेआले’ या ऐतिहासिक वास्तूत या छायाचित्रांचे प्रदर्शनही भरवण्यात आले.

तथापि, कलेची मान्यता मिळाल्याने मूळ प्रश्न सुटला नाही. समर्थकांच्या मते ही छायाचित्रे म्हणजे सौंदर्याचा आविष्कार होता. व्यापारी कंपनीने आपल्या ग्राहकांना स्त्रीदेहाची चित्रे भेट द्यावीत, यात स्त्रीला शोभेची वस्तू मानणारी वृत्तीच दिसते, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

या वादाला २०१६ च्या दिनदर्शिकेने नवे वळण दिले. ॲनी लीबोविट्झ यांनी २००० सालच्या अंकासाठी नग्न देहाचे अभ्यासचित्रण केले होते. त्याच लीबोविट्झ यांनी या वेळी कर्तृत्वाच्या आधारे स्त्रियांची निवड केली. टेनिसपटू सेरेना विल्यम्स, गायिका पॅटी स्मिथ, कलावंत योको ओनो आणि शिरीन नेशात यांचा त्यात समावेश होता. बहुतेक स्त्रिया पूर्ण पोशाखात होत्या. पुढच्याच वर्षी पीटर लिंडबर्ग यांनी हेलन मिरेन, शार्लट रॅम्पलिंग आदी अभिनेत्रींची छायाचित्रे वयाच्या खुणा न पुसता सादर केली.

२०१७ च्या अखेरीस ‘मी टू’ चळवळ जगभर पसरली आणि फॅशन छायाचित्रणातील वर्तनाचीही चर्चा होऊ लागली. २०१० च्या दिनदर्शिकेचे छायाचित्रकार टेरी रिचर्डसन यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले होते. काँदे नास्ट इंटरनॅशनल या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी त्यांच्याशी असलेले संबंध तोडले. रिचर्डसन यांनी आरोपांचा इन्कार केला होता. २०१८ च्या अंकात टिम वॉकर यांनी ‘ॲलिस इन वंडरलँड’ची कथा केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या साहाय्याने मांडली. कोविड साथीमुळे २०२१ ची दिनदर्शिका रद्द करण्यात आली.

२०२५ च्या अंकात इथन जेम्स ग्रीन यांनी देहसौंदर्याचा विषय पुन्हा हाती घेतला. मात्र या वेळी विविध वयोगटांतील व्यक्ती आणि जॉन बोयेगा, व्हिन्सेंट कॅसल यांसारखे पुरुष अभिनेतेही त्यात सहभागी झाले. चेन्नई येथे जन्मलेल्या लेखिका व दूरचित्रवाणी निवेदिका पद्मा लक्ष्मी यांचाही त्यात समावेश होता.

सहा दशकांत चेहरे बदलले, पोशाख बदलले, तरी दिनदर्शिकेचा मूळ हेतू कंपनीची प्रतिमा उंचावणे हाच राहिला आहे. म्हणूनच स्त्रीचे कोणते रूप त्या त्या काळी प्रतिष्ठेचे मानले गेले, याची नोंद तिच्या पानांवर आपसूक झाली आहे.