बँडवाल्यांनी काय वाजवायचं, हे कोण ठरवतं?

लग्नसराईत बँड वाजला की लेकरं रस्त्यावर पळतात आणि आपण कामं टाकून उंबऱ्यात येतो. पण काय वाजवायचं, हे आपल्याला कधी कोणी विचारलं का? आज त्याचीच गोष्ट.

सनई, हलगी, डफ ही आपली जुनी वाद्यं. पितळी बाजा आला तो इंग्रजी पलटणींबरोबर. निजामाच्या राज्यात आपल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या भारतीय लष्करात मिसळली. पलटणीचा बँड वाजायचा तो शिपायांची पावलं एका ठेक्यात पडावीत म्हणून. तिथं धून ठरवायचा साहेब. मग संस्थानिकांनीही बँड ठेवले. तिथं चालायची राजाची मर्जी.

तिकडे इंग्लंडात गिरण्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांनी आपले बँड काढले. १८५३ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत त्यांची मोठी स्पर्धा भरली. पण वाजवायचे काय? बहुतेक थोरामोठ्यांच्या संगीत नाटकांतली गाणी. पुढं १९१३ साली लंडनच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा खास पितळी बँडसाठी रचलेलं संगीत ठेवलं गेलं. पर्सी फ्लेचर यांच्या त्या रचनेचं नाव ‘लेबर अँड लव्ह’, म्हणजे कष्ट आणि माया. स्वतःचं म्हणावं असं संगीत मिळायला साठ वर्षं लागली!

आपल्याकडे बँड लष्करातून लग्नात आला. वाद्यं मेरठला बनू लागली. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. पुढं बोलपट आले आणि वरातीत सिनेमाची गाणी वाजू लागली. आता फर्माईश करतात ते वरातीत नाचणारे. पाठवणीच्या वेळी जिचा जीव तुटतो, त्या आईला कोणी विचारत नाही.

बायांनो, ज्याची सुपारी त्याची फर्माईश, हा जुना रिवाज आहे. आता ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला किंवा महिला दिनाला बचत गटच बँड ठरवत असेल, तर गाणीही गटानंच ठरवावीत. सुपारी देतानाच मास्तरांजवळ बसा. मिरवणुकीला चालीचं गाणं द्या, बसून ऐकायच्या कार्यक्रमाला संथ गाणं चालतं. ट्रम्पेट ओठांच्या जोरावर वाजतं. उंच सुराची गाणी एकापाठोपाठ एक दिली तर वाजवणाऱ्याचे ओठ थकतात आणि सूर फाटतो. म्हणून मधे एखादं क्लॅरिनेटवरचं हळू गाणं ठेवा. डीजेला थकवा नसतो, माणसाला असतो. बँडवाल्यांचीही पोटं हातावरच आहेत. त्यांना पाणी, चहा आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या.

आणि एक गाणं आपलं असू द्या. नर्सी नामदेवांची, गंगाखेड जनाबाईंचं. जनाबाईंचं नाव घेतलं की जातं आठवतंच. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. पण बँडवर ओवी किती जणींनी ऐकली? ओवीची चाल थोड्या सुरांची. गटातल्या म्हाताऱ्या आजीला मास्तरांसमोर बसवा, दोन-चारदा गाऊ द्या. कानावर वाजवणारा माणूस ती लवकर धरतो.

पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटण्याआधी हा विषय काढा. कोणती ओवी निवडली, ते आम्हाला कळवा.