उत्पन्न आणि पुरुषांचे अतिमद्यपान : रत्नागिरी

अनेक देशांत सुखवस्तू पुरुष अधिक वेळा पितात, पण दारूपायी आजार आणि मृत्यू गरिबांच्याच वाट्याला जास्त येतात. अपुरा आहार, उशिरा उपचार आणि एका बैठकीत रिचवलेले भरमसाट प्रमाण ही त्याची कारणे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरील १३.९ टक्के पुरुष मद्य घेतात, देशात १८.८ टक्के. मात्र घेणारे किती आणि अतिरेक करणारे किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अतिरेकाचा उत्पन्नाशी संबंध पाहताना रत्नागिरीत वार्षिक उत्पन्नाचा आकडा फसवा ठरू शकतो. मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाची कमाई हंगामावर हलते. मासळी लागली की हाती रोकड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा उचल आणि उधारी. आंबा-काजूच्या बागांतली मजुरीही तशीच हंगामी. त्यामुळे किती मिळते याइतकेच कधी आणि कसे मिळते, हेही पाहावे लागते.

पिण्यात किमतीचाही हात असतो. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील शुल्क वाढवले. विदेशी क्वार्टर परवडेनाशी झाली की काही जण देशीकडे वळतात, काही थेट हातभट्टीकडे. हातभट्टीवर ना कर, ना तपासणी.

गावातले दुकान बंद करायचे तर ‘आडवी बाटली’चे मतदान हा कायदेशीर मार्ग आहे; पण हातभट्टीला तो लागू पडत नाही.