पनवेल खाडीतील लाकडी डेक आणि फायबरचा थर

1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागेपर्यंत मुंबईहून पुण्याला निघालेले कितीतरी प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरत आणि तिथून 1830 मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याला लागत. गाव सुतारकामाचे होते. घाटावरचा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन परते, अशी जुन्या गॅझेटियरची नोंद आहे. रेल्वे आली तशी बंदराची वाहतूक ओसरली, पण खाडीतले मचवे आणि कोळ्यांच्या होड्या राहिल्या, आणि त्यांचे लाकूड पाण्यापासून वाचवण्याची खटपटही राहिली.

ही खटपट दोन तऱ्हांची असते. तळ खाऱ्या पाण्यात बुडालेला असतो. तिथे बुरशी फारशी लागत नाही, तिथे लाकूड पोखरतो टेरेडो. त्याला किडा म्हणतात, पण जातीने तो शिंपल्याचा भाऊबंद आहे. त्याला अडवण्यासाठी इंग्रजी आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले होते. डेकची गोष्ट वेगळी. त्याचा वैरी गोडे पाणी, आणि पनवेलच्या बाजूला ते पावसाळ्यात भरपूर पडते. फळ्यांच्या सांध्यांत पाणी साचले की बुरशी धरते.

जुना उपाय सोपा, पण दरवर्षीचा होता. सांध्यांत तेलात भिजवलेले सूत किंवा कापूस ठासायचा, वरून राळ भरायची, मग फळ्यांना तेल चोळायचे. लाकूड पावसात फुगे, उन्हात आकसे, आणि भरण त्याच्याबरोबर हले. एखादी फळी सडलीच तर तेवढीच काढून नवी बसवता येई. साग टिकाऊही होता: मुंबईत सागाच्या लाकडाने बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे.

पुढे साग महाग झाला आणि यंत्रनौका आल्या. नवा उपाय, म्हणजे काचेचे धागे (फायबर) आणि रेझिन यांची जोडी, अमेरिकेतून आला. 1942 मध्ये ओहायोत रे ग्रीन यांनी या जोडीची छोटी नौका तयार केली. भारतात कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना 1957) लाकडी मासेमारी नौकांवर फायबरचे आवरण चढवण्याचे काम केले. कोकण किनाऱ्यावर आज याला नुसते ‘फायबर मारणे’ म्हणतात.

कामाचा क्रम असा. जुना रंग खरवडून, खिळे आत ठोकून लाकूड पूर्ण वाळवतात, घासतात. त्यावर रेझिनचा हात मारून काचेची मॅट अंथरतात आणि ती रोलरने दाबून हवेचे बुडबुडे काढतात. मग पुढचे थर. कडांवरून मॅट खाली वळवतात, नाहीतर पाणी तिथूनच शिरते. पाय घसरू नये म्हणून शेवटच्या थरावर वाळू भुरभुरतात. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट वेगवेगळे घालायचे असतात. ते दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो.

पण हा थर लाकडासारखा फुगत-आकसत नाही. फळ्यांच्या डेकवर तो सांध्यांच्या रेषेत तडकतो, म्हणून आधी मरीन प्लाय टाकणे बरे. सागातल्या तेलामुळे पॉलिएस्टर रेझिनची पकडही कच्ची राहते; एपॉक्सी महाग, पण जास्त घट्ट चिकटते. एखाद्या बोल्टच्या छिद्रातून आत गेलेले पाणी थराखाली अडकते आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या डेकखाली लाकूड कुजत राहते. हातोडीने ठोकल्यावर तिथे बद्द आवाज येतो.

मग तेवढा भाग कापायचा, सडके लाकूड काढायचे, नवे जोडायचे आणि मॅटची कड उतरती घासून पुन्हा थर द्यायचे. यासाठी लाकूड कोरडे हवे. पण मासेमारीबंदीमुळे नौका काठावर येते ती जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात जायची असते. त्यामुळे ताडपत्रीच्या छपराखाली, दमट हवेत लाकूड वाळण्याची वाट पाहत हे काम उरकावे लागते.