साथीदाराचा कॅमेरा

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. ओळख जुजबीच. त्यांचे वडील तीसएक वर्षे पुण्यातील लहानमोठ्या मैफलींत तानपुऱ्यावर बसत असत. नावाजलेल्या गायकांच्या मागे, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. घरात त्यांचा तानपुऱ्यासह एकही फोटो नाही, आणि आम्ही त्या काळी मैफलींचे फोटो काढीत असू असे कोणीतरी त्यांना सांगितलेले. आम्ही मोठ्या उत्साहाने निगेटिव्हांची खोकी काढली. दोन संध्याकाळ शोधल्यावर अकरा चौकटी सापडल्या. त्यांतील एकीत तानपुऱ्याची दांडी होती, एकीत चार बोटे, एकीत कुडत्याची बाही. चेहरा एकीतही नव्हता. चेहऱ्याच्या जागी निव्वळ काळोख होता.

हे असे का व्हावे, याचे पहिले उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आम्ही १९८०च्या दशकात कृष्णधवल फिल्म वापरीत असू. कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू', कधी पूर्व जर्मनीची 'ऑर्वो'. परवडावे म्हणून शंभर फुटी डबा घ्यायचा आणि अंधारात चाचपडत छत्तीस चौकटींचे रोल स्वतः भरायचे. एका डब्यात अठराएक रोल होत. मंडपातल्या उजेडाला चारशेच्या वेगाची फिल्मही अपुरी पडे. मग आमच्यासारखे सगळेच हौशी जी युक्ती करीत ती आम्हीही करू लागलो: मीटरवर सोळाशे लावायचे, म्हणजे फिल्मला लागणाऱ्या प्रकाशाच्या चौथाईच द्यायचा, आणि उरलेले काम डेव्हलपरकडून करवून घ्यायचे. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि बोरॅक्स घरीच तोलून द्रावण बनवायचे आणि फिल्म त्यात नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ हलवीत बसायचे. न्हाणीघर हीच डार्करूम. कधी तापमान दोन अंशांनी वाढवून पाहा, कधी द्रावण दुप्पट पातळ करून ढवळणे निम्म्यावर आणून पाहा. आमच्या वह्या अशा नोंदींनी भरलेल्या आहेत.

या युक्तीची मेख आम्हांला फार उशिरा उमगली. अधिक वेळ डेव्हलप केल्याने फिल्मवर जिथे प्रकाश पडला आहे तिथली चांदी दाट होते. जिथे जवळजवळ पडलाच नाही तिथे ती आणायची कुठून? म्हणजे गायकाच्या कपाळावरचा उजेड झळाळून उठतो आणि त्याच्या मागे दोन हातांवर अर्धवट अंधारात बसलेला माणूस होता तसाच अंधारात राहतो. किंबहुना विरोधाभास वाढल्याने अधिकच बुडतो. प्रिंट पाहून मित्र म्हणत, 'वा, काय वातावरण आहे!' ते 'वातावरण' म्हणजे पुसली गेलेली माणसे होती, हे आमच्या कधी मनात आले नाही.

जिवंत संगीताच्या छायाचित्रणाचा जो इतिहास आम्ही त्यानंतर नव्याने वाचू लागलो, तो मुख्यतः अमेरिकेतील जॅझचा आहे. कारण ही कला तिथेच १९३० ते १९६० या तीन दशकांत आकाराला आली. आणि गंमत अशी की तिच्या पहिल्या फळीत हौशी माणसेच पुष्कळ आहेत.

विल्यम गॉटलीब यांचेच पाहा. १९३८च्या सुमारास ते 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये जॅझवर साप्ताहिक सदर लिहू लागले. रात्रीबेरात्री क्लबांत छायाचित्रकार पाठवण्याचा खर्च वृत्तपत्राला नको होता. तेव्हा गॉटलीबांनी स्वतःच एक अवजड 'स्पीड ग्राफिक' कॅमेरा घेतला आणि तो चालवायला शिकले. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला, आणि फिल्मही पदरची. त्यामुळे एका बैठकीत ते दोनतीनच फोटो काढीत. छत्तीस चौकटींचा रोल उधळणाऱ्या आमच्यासारख्यांना ही कंजुषी वाटेल. परंतु आता फोटो, मग पुन्हा नाही, अशा स्थितीत माणूस संगीत ऐकत बसतो, आणि वादकाचे स्वभाव माहीत असलेला लेखक कोणत्या क्षणाची वाट पाहायची हे जाणतो. महायुद्धानंतर १९४६ ते १९४८ या काळात 'डाउन बीट' या नियतकालिकासाठी लिहिताना त्यांनी काढलेली बिली हॉलिडे, थेलोनियस मंक, जँगो राइनहार्ट यांची छायाचित्रे आज ज्याला त्याला ठाऊक आहेत. पुढे त्यांनी हा नादच सोडला आणि शैक्षणिक चित्रफिती बनवण्याच्या व्यवसायात आयुष्य काढले. त्यांचा संग्रह १९९५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला, आणि २०१०पासून ती छायाचित्रे कोणालाही विनामूल्य वापरता येतात. 

हर्मन लेनर्ड यांचा मार्ग निराळा. ऑटवात यूसुफ कार्श यांच्या हाताखाली वर्षभर उमेदवारी करून १९४८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये स्टुडिओ थाटला. क्लबात शिरायला पैसे नसत; मग मालकाला फोटो द्यायचे आणि बदल्यात दार उघडून घ्यायचे असा सौदा. कार्श यांच्याकडून आणलेली प्रकाशाची जाण त्यांनी क्लबात नेली: एक दिवा पुढून, दुसरा वादकाच्या मागून. मागच्या दिव्याने सिगारेटचा धूर पेटल्यासारखा दिसे. फिल्मचा वेग वाढवण्यासाठी ती पाऱ्याच्या वाफेत ठेवण्याची युक्तीही त्यांनी केली. आमच्या न्हाणीघरातले प्रयोग त्यापुढे फारच सोवळे म्हणायचे. १९४८ साली 'रॉयल रूस्ट' क्लबात काढलेला डेक्स्टर गॉर्डन यांचा फोटो म्हणजे या शैलीचा कळस: मांडीवर विसावलेला सॅक्सोफोन, हातात सिगारेट आणि वर चढत गेलेला धूर. जॅझ म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते, इतके ते रुजले आहे. आणि तरीही त्या चौकटीत मागे ड्रमवर केनी क्लार्क आहेत आणि फॅट्स नवारोही आहेत, हे किती जणांच्या ध्यानात राहते? आमच्याही राहिले नव्हते. धूर राहिला होता.

इथे मिल्ट हिंटन येतात, आणि खरे म्हणजे हा लेख त्यांच्याचसाठी लिहायला घेतला.

हिंटन हे डबल बेस वाजवीत. आपल्या मैफलीत तानपुरा जिथे असतो, साधारण तिथेच जॅझच्या वाद्यवृंदात बेस असतो: मागे, सतत चालू, आणि थांबला तरच लक्षात येणारा. (उपमा पुरती जुळत नाही, हे मान्य. बेस लय धरतो, तानपुरा स्वर. पण जागा एकच.) १९१० साली मिसिसिपीतील विक्सबर्गला जन्म, बालपण व तारुण्य शिकागोत. १९३५ साली एका मित्राने त्यांना वाढदिवसाला ३५ मिलिमीटरचा एक छोटा कॅमेरा भेट दिला. पुढच्याच वर्षी कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली आणि तिथे ते १९५१पर्यंत राहिले. या पंधरा वर्षांत व त्यानंतर स्टुडिओंतून वाजवताना त्यांनी जे फोटो काढले त्यांची संख्या सुमारे ६०,०००वर गेली. ना कोणी सांगितले होते, ना कोणी पैसे देणार होते.

या साठ हजारांत, निदान आम्ही जेवढे पाहिले त्यांत, प्रत्यक्ष वादनाचे फोटो प्रमाणाने थोडे आहेत. कारण उघड आहे. संगीत सुरू झाले की हिंटन यांचे दोन्ही हात बेसवर. म्हणजे जो क्षण टिपायला बाकीचे छायाचित्रकार जिवाचा आटापिटा करीत होते, तोच एक क्षण त्यांना निषिद्ध होता. मग उरले काय? आगगाडीत एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपलेले वादक. फलाटावर बसून खाणारे. दोन खेळांच्या मधल्या वेळात पत्ते खेळणारे, दाढी करणारे, ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना तोंडावर कोणताही भाव न आणणारे. बिली हॉलिडे यांच्या अखेरच्या काळातील ध्वनिमुद्रणांना हिंटन साथीला होते. स्वतःचाच आवाज ऐकत असलेली ती थकलेली बाई त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिली आहे. गॉटलीब यांची १९४७ची बिली हॉलिडे गाते आहे, मान वर करून. हिंटन यांची ऐकते आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

आणि मग ती पाटी. कॅलोवे दक्षिणेच्या दौऱ्यांवर स्वतंत्र डबा भाड्याने घेत, कारण कृष्णवर्णीय वादकांना तिथल्या हॉटेलांत खोली मिळत नसे. १९४०च्या सुमारास अटलांटाच्या स्थानकावर हिंटन यांनी आपल्या सहकाऱ्यांना उभे केले आणि मागे 'कृष्णवर्णीयांसाठी' या अर्थाची प्रवेशद्वाराची पाटी चौकटीत घेतली. उत्तम सुटातले, टोप्या घातलेले, रात्री हजारोंनी डोक्यावर घेतलेले हे पुरुष पाटीखाली उभे आहेत. बाहेरून आलेल्या वृत्तछायाचित्रकाराने हाच फोटो काढला असता तर त्यात पीडितांचे चित्र आले असते, असे आम्हांला वाटते. इथे त्यांच्या चेहऱ्यांवर जे आहे ते आपल्यातल्याच एकासमोर उभे राहिल्यावर येते. लहानपणी विक्सबर्गला झुंडीने केलेली हत्या पाहिलेल्या माणसाच्या हातात तो कॅमेरा होता, हेही विसरता येत नाही.

काय निसटले तेही सांगितले पाहिजे. डिझी गिलेस्पी १९३९ ते १९४१ या काळात याच वाद्यवृंदात होते. खेळांच्या मधल्या वेळात कॉटन क्लबच्या गच्चीवर ते हिंटन यांना आपले नवे स्वरसंबंध समजावून देत. पुढे ज्याला 'बीबॉप' म्हटले गेले त्याची ही उगमस्थाने. १९४१ साली हार्टफर्ड येथे रंगमंचावर कोणीतरी कागदाचा ओला बोळा फेकला. कॅलोवे यांनी आळ गिलेस्पींवर घेतला, बाचाबाची वाढली आणि गिलेस्पींनी चाकू काढला. बोळा जोना जोन्स यांनी फेकला होता, हे मागाहून कळले. आपण पुढे होऊन गिलेस्पींचा हात बाजूला केला, नाहीतर जखम जिव्हारी बसली असती, असे हिंटन सांगत. या प्रसंगाचा फोटो त्यांनी काढला नाही. हात दुसऱ्या कामात होते.

१९५८च्या १२ ऑगस्टला आर्ट केन यांनी 'एस्क्वायर' मासिकासाठी हार्लेममधील १२६व्या रस्त्यावर सत्तावन्न वादकांना सकाळी दहाला बोलावून जो प्रसिद्ध समूहफोटो काढला, त्याची कथा येथे विस्ताराने सांगायला नको. पण त्या सकाळी हिंटनही आपला कॅमेरा घेऊन आले होते आणि त्यांच्या पत्नी मोना यांच्या हाती घरगुती चलच्चित्रणाचा कॅमेरा होता. केन यांच्या चित्रात सगळे रांगेत, जागच्या जागी. विली 'द लायन' स्मिथ मात्र उभे राहून कंटाळले आणि शेजारच्या पायरीवर जाऊन बसले, म्हणून त्या ऐतिहासिक छायाचित्रात नाहीत. हिंटन दांपत्याच्या चित्रणात रांग लागण्यापूर्वीची धांदल आहे: वर्षांनी भेटलेल्यांच्या मिठ्या, टवाळी, मोठ्याने हसणे. जीन बाख यांनी १९९४ साली त्या सकाळीवर माहितीपट केला तेव्हा त्याला जीव आला तो या फुकटच्या फितींमुळे.

हिंटन यांच्या निगेटिव्ह कित्येक वर्षे क्वीन्समधील घरात पडून होत्या. बेस शिकायला येणारा डेव्हिड बर्गर हा विद्यार्थी पुढे समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या खटपटीने त्या लावल्या गेल्या आणि १९८८ साली 'बेस लाइन' हे पुस्तक निघाले. तेव्हा हिंटन अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. २००० साली ते वारले. लेनर्ड यांच्या नशिबी वेगळे होते: २००५च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लीन्समधील त्यांच्या घरात पाणी शिरून सुमारे आठ हजार प्रिंट नष्ट झाल्या, निगेटिव्ह एका संग्रहालयाच्या तिजोरीत हलवल्या होत्या म्हणून वाचल्या.

आम्ही हिंटन यांच्या बाजूने झुकलो आहोत हे वाचकांनी ओळखलेच असेल. परंतु लेनर्ड यांचा धूर खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. मैफलीतून बाहेर पडताना आपल्या मनात जे उरते ते पुष्कळदा तसेच असते: एक उजळ चेहरा आणि भोवती काळोख. आमची तक्रार स्वतःबद्दल आहे. एकदा एका छोट्या सभागृहात विलंबित चालू असताना, समेच्या अगदी अलीकडच्या शांततेत आम्ही शटर दाबले. आरसा उचलल्याचा तो 'खटाक्' आवाज साऱ्या सभागृहात गेला. बुजुर्ग गायकाने डोळे उघडले नाहीत. पण तानपुऱ्यावरच्या माणसाने मान वळवून आमच्याकडे असे पाहिले की उरलेली मैफल आम्ही कॅमेरा पिशवीत घालून ऐकली. तो माणूस म्हणजे या गृहस्थांचे वडीलच असावेत, असा आम्हांला दाट संशय आहे. म्हणजे चेहरा आम्ही पाहिला होता. फक्त फोटो काढला नव्हता.

गृहस्थांना अकरा चौकटींच्या प्रिंट द्यायच्या म्हणून आम्ही रोल पुन्हा चाळत होतो, तेव्हा एका रोलच्या शेवटी सदतिसावी चौकट दिसली. स्वतः भरलेल्या रोलमध्ये कधीकधी एखादी जास्तीची मिळते आणि ती संपवून टाकायला आपण समोर असेल त्यावर कॅमेरा रोखतो. मध्यंतर, मंडपाच्या मागची बाजू, दिवसाउजेडी. चहाची कपबशी हातात धरून तिघे उभे आहेत. चौकटीचा उजवा काठ फिल्मच्या टोकाशी जळालेला. गृहस्थांनी ती निगेटिव्ह खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली आणि विचारले, 'मधले ना?' आम्हांला माहीत नव्हते. ते म्हणाले, 'मधलेच. बशीत ओतून पीत असत.'