वेग आणि निगा

गेल्या उन्हाळ्यात चामोर्शीस आमचा एक जुना विद्यार्थी आपली मोटार दाखविण्यास आला. रुंद टायर, मोकळा केलेला सायलेन्सर, इंजिनास अधिक हवा मिळावी म्हणून केलेली निराळी सोय, हे सारे त्याने मोठ्या हौसेने समजावून दिले. “आणि ब्रेक?” असे आम्ही विचारताच तो हसून म्हणाला, “ते कंपनीचेच आहेत, सर.” त्याच गाडीतून त्याची धाकटी बहीण रोज गडचिरोलीस कॉलेजात जाते. मार्कंड्याचे यात्रेकरू आणि लोहखनिजाचे ट्रक ज्या भागात एकाच रस्त्याने जातात, तेथे हे उत्तर आम्हांस अस्वस्थ करून गेले. त्यास उपदेश करण्याऐवजी आम्ही एका जुन्या गाडीचा इतिहास सांगितला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर 1926 साली गादीवर आले. नव्या कलेचे ते मोठे रसिक. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पकाराने सजविला. मोटारींविषयीही त्यांची आवड तशीच चोखंदळ होती. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी ड्युसेनबर्ग या अमेरिकन कारखान्याची एस. जे. जातीची चासी घेऊन तिजवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन बैठकांची उघडी, नारिंगी व काळ्या रंगाची बॉडी बांधवून घेतली. चासी एकाची व बॉडी दुसऱ्याची, ही त्या काळी थोर गाड्यांची रीतच होती. तेव्हा आपल्या मर्जीप्रमाणे गाडी घडविण्याची हौस आजची नव्हे.

त्या इंजिनास आठ सिलिंडर व बत्तीस व्हॉल्व्ह. साध्या जे जातीची शक्ती कारखाना 265 अश्वशक्ती सांगे. हवा दाबून आत लोटणारा सुपरचार्जर जोडल्यावर ती 320 झाली. 1983 साली निघालेल्या मारुती 800 ची शक्ती चाळीसही नव्हती, यावरून अंदाज करावा.

परंतु याच कारखान्याची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. 1921 साली फ्रान्समध्ये ल मां येथील ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी याने ड्युसेनबर्गवर जिंकली. त्या गाडीच्या चारही चाकांस द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. ज्यांनी वेगाचा ध्यास घेतला, त्यांनी थांबण्याचाही विचार तितक्याच आस्थेने केला होता. पुढे जे जातीच्या गाड्यांत तर तेल बदलण्याची किंवा बॅटरी पाहण्याची वेळ झाली की चालकासमोर दिवा लागे. जणू यंत्रच धन्यास त्याच्या कर्तव्याची आठवण देई. मग तो धनी राजा असो की रंक.

कारखाना 1937 साली बुडाला, इंदूर संस्थान 1948 साली मध्य भारतात विलीन झाले, महाराज 1961 साली निवर्तले. गाडी मात्र टिकली आहे. कारण एकामागून एक कोणीतरी तिची निगा राखीत आले. शक्ती पैशाने वाढविता येते. निगा रोज स्वतःच राखावी लागते. कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 बंदी करते, तेही हौसेच्या द्वेषाने नव्हे.

महिन्याभराने तो विद्यार्थी पुन्हा आला. गाडी दारात उभी राहिली तरी आम्हांस कळले नाही. सायलेन्सर पूर्ववत झाला होता. “ब्रेकही तपासून घेतले, सर,” तो म्हणाला. मागच्या बैठकीवर त्याची बहीण पुस्तक वाचीत बसली होती.