ओतकामात राहिलेला ताण : मलिक-ए-मैदान ते एमआयडीसी

आजचा विषय नगरचा आहे. आता कागदोपत्री अहिल्यानगर. पण सत्तरी ओलांडलेल्या आमच्या तोंडी नगरच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या.

विजापूरच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती तुम्ही पाहिली असेल. ती ओतली गेली इथे, नगरला, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की कारागीर. वजन सुमारे ५५ टन सांगतात. पुढे ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला. आजही ती अखंड आहे.

अखंड राहिली, यात विशेष काय? ओतीव वस्तूचा खरा शत्रू पुष्कळदा तिच्या आतच असतो. वितळलेला पदार्थ साच्यात सगळीकडे एकाच वेळी निवत नाही. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आक्रसू बघतो, पण बाहेरचा त्याला आक्रसू देत नाही. ही ओढाताण वस्तूत कायमची राहते. तिलाच अवशिष्ट ताण म्हणतात.

ओतीव लोखंडाच्या तोफांत हे फार महागात पडे. बाहेरून निवलेल्या तोफेत ओढ राही नळीच्या आतल्या बाजूला, आणि बार उडाला की जोरही तिथेच येई. तोफ फुटे ती आपल्याच गोलंदाजांवर. अमेरिकन लष्करातल्या थॉमस रॉडमनने यावर उपाय काढला. त्याचं पेटंट १८४७ चं. तोफ पोकळ गाभ्याभोवती ओतायची आणि गाभ्यातून पाणी फिरवून ती आतून निववायची. मग आतला थर आधी घट्ट होतो आणि बाहेरचे थर त्याच्यावर आवळले जातात. म्हणजे ताण नाहीसा केला नाही, त्याची दिशा फिरवली. ताण वाईटच असतो असं नाही, हे इथे लक्षात ठेवू.

आता प्लास्टिक. हायट बंधूंनी १८७२ साली सेल्युलॉइड दाबून साच्यात भरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. इंजेक्शन मोल्डिंगचा वंश तिथून सुरू होतो. आज नगरच्या एमआयडीसीत आमचा एक जुना विद्यार्थी असं मशीन चालवतो. तत्त्वज्ञान शिकून मोल्डिंगमध्ये गेला, याचं आम्हाला कौतुकच आहे. त्याने एकदा पारदर्शक झाकण लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरलं आणि आमच्या हाती पोलरॉइड गॉगल दिला. झाकणात इंद्रधनुष्याचे पट्टे! जिथून रस आत शिरतो त्या गेटपाशी सगळ्यात दाट. तुम्हीही घरी पारदर्शक पट्टी धरून बघा. हे रंग म्हणजे आत अडकलेला ताण आणि वाहताना ताणल्या गेलेल्या, तशाच गोठलेल्या रेणूंच्या साखळ्या.

आम्ही विचारलं, हे कमी कसं करायचं? तो म्हणाला, "सर, माहीत सगळ्यांना आहे." साचा थोडा गरम ठेवायचा, म्हणजे साखळ्यांना सैल व्हायला वेळ मिळतो. भरल्यानंतरचा दाब गरजेपुरताच द्यायचा. फार दिला तर गेटपाशी माल कोंबला जातो, कमी दिला तर खड्डा पडतो. भिंतीची जाडी सारखी ठेवायची. पॉलिकार्बोनेटसारखा माल असेल तर नंतर १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू निववायचा.

मग करत का नाही? कारण गरम साच्यात माल निवायला जास्त सेकंद लागतात, आणि भाव मिळतो नगावर. सेकंद वाचवले की नग वाढतात.

तो ताण मात्र कुठे जात नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरी जातो. कारखान्यातून निघताना झाकण निर्दोष दिसतं. पुढे कधी तेलाचा, थिनरचा हात लागतो आणि कुणी न आपटताही त्याला तडा जातो. मग घरात विचारतात, "कुणी फोडलं?" सुनेचं नाव येतं, नाहीतर भांडी घासणाऱ्या बाईंचं.

आमचं आयुष्य कार्यकारणभाव शिकवण्यात गेलं. कारण आणि परिणाम यांच्यात वर्षाचं अंतर पडलं की दोष नेमका ज्याच्या हातात वस्तू असते त्याच्यावर येतो, हे आम्ही पुस्तकातून शिकवत होतो. ते डोळ्यांनी पाहिलं त्या झाकणात. रॉडमनच्या काळी दोष निदान स्फोटासारखा ऐकू तरी यायचा. आता तो गुपचूप येतो. तेव्हा पुढच्या वेळी घरात काही तडकलं, तर कुणाला बोलण्याआधी तडा गेटपाशी आहे का, एवढं बघा.

आता प्रश्न घेऊ.